खूप वर्षं उभी असलेली जुनी गाडी: शॉर्ट शोधायचा कसा, आणि तोवर बॅटरी का जोडायची नाही

जुनी गाडी हाती आली की पहिली खाज येते ती नवी बॅटरी आणून लावायची आणि चावी फिरवायची. मला पण आली होती. सात-आठ वर्षं हललीच नव्हती अशी गाडी, बोनेट उघडलं, वायरी जागच्या जागी दिसल्या, म्हटलं बघू तरी दिवे लागतात का, आणि टर्मिनल टेकवल्या टेकवल्या एक मोठी ठिणगी आणि दोन-तीन सेकंदात डॅशबोर्डखालून पांढरा धूर. पान्यानं बॅटरीची वायर काढायला गेलो तर हात थरथरत होते आणि नट घट्ट. गाडी वाचली, पण एका वायरीमुळे शेजारच्या पाच वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या आणि अर्ध्या तासात सापडला असता असा फॉल्ट तीन महिन्यांचं काम होऊन बसला. म्हणून हे सगळं लिहितोय, आणि त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे ती म्हणजे एक साधा इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण नव्या माणसासाठी गाडीतलं कुठलंही इलेक्ट्रिकचं दुखणं म्हणजे "शॉर्ट" असतो आणि तिथेच निम्मा वेळ जातो. शॉर्ट म्हणजे करंट असलेली वायर बॉडीला किंवा अर्थच्या वायरीला (म्हणजे बॉडीला जोडलेली, करंट बॅटरीकडे परत नेणारी वायर) थेट टेकली, मध्ये बल्ब नाही, मोटर नाही, काही नाही. फ्यूज उडतो, फ्यूज नसेल तर वायर जळते. गळती ही वेगळी, म्हणजे सगळं बंद असताना पण थोडा थोडा करंट कुठून तरी जात राहतो, धूर नाही काही नाही, फक्त सकाळी बॅटरी बसलेली. तिसरा प्रकार तुटलेली वायर, त्यात काहीच चालत नाही पण फ्यूजही उडत नाही. आणि चौथा, जुन्या गाडीत सगळ्यात जास्त सापडणारा, तो खराब अर्थ. उजवा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा मंद लुकलुकतो, हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा नाचतो, हे सगळे भूताटकीचे प्रकार बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थचे असतात, शॉर्टचे नाही. तर आपल्या गाडीला नक्की काय झालंय हे न ठरवता वायरी उपसायला घेणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

बॅटरी बाजूला ठेवून करायची कामं

जुनी बॅटरी अजून गाडीत असेल तर काढून टाका. काढताना जी वायर बॉडीला गेलीये ती आधी, म्हणजे अर्थची. कारण साधं आहे, अर्थ जोडलेली असताना दुसऱ्या टर्मिनलवर पाना फिरवताना तो बॉडीला टेकला तर तो पानाच शॉर्ट, आणि बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, पाना लाल होतो. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, ह्यात हयगय नको. जोडताना उलट क्रम, अर्थ शेवटी.

आता "अर्थ म्हणजे निगेटिव्ह" असं डोक्यात असेल तर थांबा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह बॉडीला असतं, एमजीबी ही स्पोर्ट्स कारसुद्धा १९६७ पर्यंत तशीच होती. आणि व्होल्टेज पण बघा, फोक्सवॅगन बीटलसारख्या गाड्या साठच्या दशकात बरीच वर्षं ६ व्होल्टवर चालायच्या, त्यात आपला १२ व्होल्टचा बल्ब मिणमिणता पेटेल आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल. मागच्या मालकानं मध्येच बदल केला असेल ही शक्यता वेगळीच. बॅटरीच्या ट्रेमधून निघणारी जाड वायर कुठे गेलीये ते डोळ्यांनी बघा, पुस्तकावर विसंबू नका.

मग एक-दोन तास फक्त बघायचं आणि हुंगायचं. खरंच हुंगायचं, जळलेल्या इन्सुलेशनचा वास वर्षानुवर्षं राहतो, फ्यूज बॉक्सजवळ, डॅशच्या मागे, स्टीअरिंगच्या कॉलमखाली नाक नेऊन बघा. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र इलेक्ट्रिकचं काम तिथेच थांबवा, जुने रबरी पाइप चिरलेले असतात, आधी ते निस्तरा, दारं-बोनेट उघडी ठेवून हवा जाऊ द्या आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र आले तर पुढचा लेख लिहायला कुणी उरत नाही.

बघताना उंदरांचं काम शोधा. उभ्या गाडीत उंदीर राहायला येतातच, हीटरच्या डब्यात, सीटखाली, कारपेटखाली घरटी करतात, इन्सुलेशन कुरतडतात आणि त्यांच्या मुताने तांबं हिरवं होऊन सडतं. लेंड्या दिसल्या की त्या जागेच्या आसपास दोन फूट सगळी वायर बोटांनी चाचपून बघायची. गाडी चाळीस-पन्नासच्या दशकातली असेल तर वायरीवर सुती विणीचं आवरण आणि आत रबर असतं, ते रबर वाळून बिस्किटासारखं होतं, नुसतं वाकवलं तरी गळून पडतं. अशी वायर दिसली तर शॉर्ट शोधत बसू नका, एक दुरुस्त कराल तर शेजारी दुसरा होईल, पूर्ण वायरिंगच बदलायचं मनावर घ्या. नंतरच्या गाड्यांतलं पीव्हीसी बरंच टिकतं पण तेही कडक होतं, विशेषतः इंजिनच्या उष्णतेजवळ.

आणि हो, फोटो काढा. प्रत्येक जोड सोडवायच्या आधी फोटो, आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव लिहून वायरीला चिकटवा. नंतर लक्षात राहतं असं वाटतं, राहत नाही.

सामान

मल्टिमीटर (व्होल्ट, करंट, रेझिस्टन्स मोजायचं मीटर) साधासा चालतो, फक्त १० अँपिअरचा डीसी करंट मोजता यायला हवा. त्याशिवाय त्या गाडीचा वायरिंग डायग्राम, टॉर्च, पॉलिश पेपर, थोडे फ्यूज. आणि आपला हिरो, तो बल्ब. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरमध्ये बसवायचा, होल्डरला दोन हातभर लांब वायरी आणि टोकांना दाताच्या क्लिपा. झालं.

हा बल्ब काय करतो ते नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं ह्यावरच आहे. तो फ्यूजच्या जागी, म्हणजे सर्किटच्या वाटेतच लावायचा. पुढे शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्बमधून जाणार, बल्ब पूर्ण उजेडाने पेटणार, पण १२ व्होल्टवर २१ वॅट म्हणजे जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअर, त्यापेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही. त्यामुळे गाडीतली बारीकशी वायरसुद्धा तापत नाही. फ्यूज लावून बघितला तर तो एका क्षणात उडतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही, पंचवीस फ्यूज संपतात. बल्ब मात्र तासभर पेटत बसतो आणि तुम्ही आरामात वायरी हलवत फिरता. ज्या क्षणी शॉर्ट सुटतो त्या क्षणी बल्ब विझतो. ह्याच्याइतकं स्वस्त आणि प्रामाणिक हत्यार दुसरं नाही.

पहिलं माप, अजूनही बॅटरी न जोडता

मल्टिमीटर ओहमवर ठेवा, दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा, ०.२-०.५ असं काहीतरी दाखवेल, तो मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध), तो मनातल्या मनात वजा करायचा. मग गाडीचे सगळे स्विच बंद, चावी काढलेली, दारं बंद (दार उघडं ठेवायचंच असेल तर आतल्या दिव्याचा बल्ब काढा), डिकीतला दिवा असेल तर तोही काढा. एक पिन बॅटरीच्या करंटच्या (म्हणजे अर्थ नसलेल्या) वायरीच्या क्लॅम्पला, दुसरी बॉडीवर खरवडून चकचकीत केलेल्या जागी.

काहीच दाखवत नाही किंवा हजारोंमध्ये दाखवतंय, तर कायम करंट असणाऱ्या वायरींमध्ये थेट शॉर्ट नाही. शून्याला टेकलंय तर आहे, किंवा काहीतरी चालू राहिलंय. मधलं काहीतरी, पाच-पंधरा ओहम वगैरे, तर बहुतेक वेळा कुठलातरी बारीक बल्ब किंवा जुनं घड्याळ मध्ये आहे. अल्टरनेटरवाली (बॅटरी चार्ज करणारं नंतरच्या काळातलं यंत्र) गाडी असेल तर पिना उलटसुलट करून दोनदा बघा, आत डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग असतात, ते एका बाजूने वेगळं वाचन देतात.

इथे नव्या माणसाला हमखास पडणारा खड्डा सांगतो. बल्बची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स फारच कमी असतो, पेटल्यावर असतो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. २१ वॅटचा बल्ब पेटल्यावर सुमारे सात ओहमचा असतो, पण थंड असताना मीटर एक ओहमच्याही खाली दाखवू शकतं, हेडलाइटचा तर जवळपास शून्यच वाटतो. मी एकदा ब्रेकलाइटच्या वायरीत दोन दिवस "शॉर्ट" शोधलाय, मागचं सगळं ट्रिम उपटलं, आणि तो शॉर्ट म्हणजे चांगला धडधाकट ब्रेकलाइटचा बल्ब होता. म्हणून ज्या सर्किटवर ओहम मोजताय त्यातले सगळे बल्ब आधी काढा. मोटर, हॉर्न ह्यांचे जोडही सोडा. मग जे शून्य दाखवतं ते खरं.

बल्ब मध्ये घालून बॅटरी जोडणं

बॅटरी आधी बाहेरच तपासा. भरलेली १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२ म्हणजे जवळपास रिकामी, आणि चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर तिचा एक सेल गेलाय, ती टाका. चार्जिंग करताना हायड्रोजन निघतो म्हणून चार्जर चालू असताना क्लिपा काढायच्या-लावायच्या नाहीत, आधी चार्जर बंद.

आता करंटची वायर बॅटरीला जोडा, पण अर्थची जोडू नका. अर्थचं टर्मिनल आणि अर्थची वायर ह्यांच्या मध्ये आपला बल्ब. सगळं बंद. तीनपैकी एक होणार. बल्ब लख्ख पेटला, तर शॉर्ट आहे आणि तो कायम करंटच्या भागात आहे, आणि बघा, कुठेही धूर नाही. बल्ब मंद, तर काहीतरी चालू आहे किंवा मोठी गळती आहे. बल्ब पेटलाच नाही, तर चावी बंद असतानाचा भाग बहुतेक ठीक, मग एकेक स्विच चालू करत जा. आधी चावी, मग पार्किंग लाइट, हेडलाइट, वायपर, इंडिकेटर. ज्या स्विचवर बल्ब एकदम लख्ख झाला त्या बाजूला संशय. फक्त स्टार्टर ह्या बल्बमधून फिरणार नाही, तो शेकडो अँपिअर मागतो, तो नाद करू नका.

हेडलाइटच्या वेळी पुन्हा तोच खड्डा. दोन हेडलाइटचे बल्ब मिळून ११० वॅटच्या आसपास खातात, त्यांच्यापुढे आपला २१ वॅटचा बल्ब जवळपास पूर्ण पेटतो आणि शॉर्ट असल्यासारखाच दिसतो. म्हणून हेडलाइट काढून मगच बघायचं. बारीक बल्बांचं उलटं, ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब चालू असला तर तो छान पेटतो आणि आपला नुसता लालसर किंवा तोही नाही.

फ्यूज, आणि फ्यूज नसलेल्या वायरी

उडालेला फ्यूज फेकायच्या आधी बघा. काचेचा असेल आणि आतून काळा-चंदेरी झाला असेल तर जोराचा शॉर्ट. तार नुसती मधोमध वितळून तुटलीये आणि काच स्वच्छ, तर बहुधा जास्तीचा लोड, मोटर जाम वगैरे, किंवा नुसतं म्हातारपण. जुन्या जर्मन गाड्यांतले चिनी मातीचे टोकदार फ्यूज तर चांगले असूनही टोकांना गंजून बंद पडतात, ते नुसते बोटाने गोल फिरवले तरी सर्किट परत जिवंत होतं, मग लोक म्हणतात आपोआप बरं झालं.

फ्यूजच्या आकड्यातही एक घोळ आहे. ल्यूकस ह्या ब्रिटिश कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं तो उडायचा आकडा, सतत झेलायचा साधारण १७ च. अमेरिकन पद्धतीच्या फ्यूजवर सतत झेलायचा आकडा असतो. त्यामुळे ३५ वाचून दुसऱ्या पद्धतीचा ३५ चा आणून बसवला तर तुम्ही फ्यूज दुप्पट जाड केलात. आणि सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेला, खिळा खोचलेला फ्यूज बॉक्स दिसला तर समजून जा की आधीच्या कुणालातरी हाच शॉर्ट माहीत होता आणि त्याने शोधला नाही. त्या सर्किटपासूनच सुरुवात करा.

आता सगळे फ्यूज काढा. अर्थजवळचा बल्ब अजून पेटलेलाच असेल तर शॉर्ट फ्यूजच्या आधी आहे. जुन्या गाड्यांमध्ये फ्यूज दोन-चारच असायचे आणि हेडलाइट, इग्निशन, डायनामोची (अल्टरनेटरच्या आधीचं बॅटरी चार्ज करणारं यंत्र) जाड वायर ह्यांना बऱ्याचदा फ्यूजच नसायचा, म्हणून हा भाग सगळ्यात धोक्याचा. बल्ब विझला तर एकेक फ्यूज परत लावत जा, ज्याच्यावर पेटला ते आपलं सर्किट. मग अर्थची वायर सरळ जोडून बल्ब त्या एका फ्यूजच्या जागी आणायचा, म्हणजे तो डोळ्यासमोर राहतो. पण सरळ जोडायच्या आधी बाकीचे फ्यूज काढलेलेच असू द्या, आणि बॅटरीच्या वायरीत एक दहा अँपिअरचा फ्यूज तात्पुरता घाला.

डायग्राम इथे लागतो. ब्रिटिश गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीकडून थेट, बिनफ्यूजची. जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून. पांढरी चावीनंतरची, हिरवी चावीनंतर आणि फ्यूजमधून, निळी हेडलाइटची, लाल पार्किंग आणि टेललाइटची, काळी अर्थ. लाल म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह असं गृहीत धरून किती जण चुकतात. जर्मन गाड्यांत रंगापेक्षा टर्मिनलवरचे आकडे वाचायचे, ३० म्हणजे बॅटरीकडून कायम, १५ म्हणजे चावीनंतर, ३१ अर्थ, ५० स्टार्टर, ५६ हेडलाइट, ५८ पार्किंग. एवढं पाठ झालं तरी डॅशखाली उलटं पडून निम्मं काम होतं. जी वायर ह्यातल्या कुठल्याच हिशोबात बसत नाही, निळ्या चिमट्याच्या जोडाने मध्येच कुठूनतरी घेतलीये, टेप सुटलाय, ती मागच्या मालकाची. कधीकाळचा रेडिओ, अलार्म, फॉग लाइट, ट्रेलरचं सॉकेट. सामान काढून नेलं आणि करंट असलेलं टोक तसंच लोंबकळत ठेवलं. माझ्या अनुभवात कंपनीच्या वायरिंगपेक्षा ह्या कलाकारीत जास्त शॉर्ट निघतात.

निम्मं निम्मं करत जाणं

सर्किट कळलं, बल्ब पेटलाय, आता पूर्ण लांबी सोलत बसायची नाही. मधला एखादा जोड सोडवा. समजा टेललाइटचं सर्किट आहे, समोरून मागे जाताना मध्ये कुठेतरी गोळीचे कनेक्टर (नळीत खोचलेले, ओढले की सुटणारे जोड) असतात, ते उपटा. बल्ब विझला तर शॉर्ट मागच्या अर्ध्या भागात, पेटलेलाच राहिला तर पुढच्या. उरलेल्या अर्ध्याचे परत दोन भाग. चार-पाच वेळा केलं की हातभर वायर उरते. एका वेळी एकच जोड सोडवायचा, आणि तपासून झाला की परत लावायचा, नाहीतर कशामुळे विझला तेच कळत नाही.

त्या हातभरात बघायचं कुठे, तर जिथे वायर पत्र्यातून जाते, जिथे ती वाकते आणि जिथे ती तापते. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट असतं, ते वाळून तुकडे होतं आणि पत्र्याची धार वायर कापते. डिकीच्या आणि दाराच्या बिजागरीजवळ हजारो वेळा वाकून वायर तुटते किंवा सोलते. टेललाइटच्या होल्डरमध्ये पाणी साचून गंजाचा पूल तयार होतो, आतली पितळी पट्टी वाकून पत्र्याला टेकते. सीटच्या रुळाखाली कारपेटच्या आत चिरडलेली वायर. स्टीअरिंगच्या कॉलममधली इंडिकेटर-हॉर्नची वायर. साइलेन्सरच्या पाइपावर झोपलेली वायर. कुणीतरी नंतर मारलेला लांब स्क्रू, जो थेट वायरच्या जुडग्यातून गेलाय. आणि डॅशच्या मागे स्पीडोमीटरच्या केबलचं धातूचं आवरण, जे ॲमीटरच्या (डॅशवरचं करंट दाखवणारं मीटर) किंवा चावीच्या टर्मिनलवर टेकतं, माझा तो धूर ह्याचाच होता. जुन्या गाडीतल्या ॲमीटरमधून स्टार्टर सोडून बाकी जवळपास सगळा करंट जातो, आणि त्याचे दोन नट मागे उघडे असतात, तिथे हात घालायच्या आधी बॅटरी सोडा, दर वेळी.

बॅटरी सीटखाली असेल तर सीटच्या स्प्रिंगा बघा. बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिच्यावरचं झाकण हरवलं आणि मागे कुणी वजनदार बसलं की स्प्रिंग टर्मिनलला टेकते आणि सीटचं भरण पेटतं. हा त्या गाडीचा प्रसिद्ध रोग आहे. झाकण नसेल तर आजच जाड रबराचा तुकडा टाका.

शॉर्ट कधी असतो कधी नसतो असा असेल तर बल्ब लावलेला ठेवून दुसऱ्या माणसाला त्याच्यासमोर बसवा आणि तुम्ही वायरी हलवा, दारं आपटा, स्टीअरिंग फिरवा, डिकी उघड-बंद करा. "आला, गेला, आला" अशी ओरड ऐकत पुढे सरकायचं. एकटे असाल तर बल्बच्या दोन वायरींवरच १२ व्होल्टचा बझर जोडा, कानाने कळतं.

जे शॉर्टसारखं दिसतं पण नियमाने वागत नाही

हॉर्न आपोआप वाजतोय आणि फ्यूज उडत नाही, हे कसं? बऱ्याच गाड्यांत हॉर्नला करंट कायम असतो आणि बटण फक्त अर्थ देतं. बटणाकडची वायर सोलून बॉडीला टेकली तर ते बटण दाबल्यासारखंच झालं. आतल्या दिव्याचं आणि दाराच्या स्विचचंही असंच. इथे बल्ब लख्ख पेटायची वाट बघू नका, बटणाकडची वायर सोडवून दिवा किंवा हॉर्न थांबतो का ते बघा.

गाडी स्टार्ट करताना चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होऊन धूर येतोय, हा तर शंभर टक्के शॉर्ट वाटतो. नाहीये. इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी तुटलीये किंवा कुणी लावायची विसरलीये, इंजिन रबरावर बसलेलं असतं त्यामुळे स्टार्टरचा सगळा करंट परतायला ती बिचारी केबल वापरतोय. पट्टी नवी टाका, दोन्हीकडचा रंग खरवडून.

रात्रीत बॅटरी बसते पण शॉर्ट सापडत नाही, तर गळती मोजा. मल्टिमीटर १० अँपिअरवर, लाल पिन दुसऱ्या भोकात घालायला विसरू नका, आणि मीटर त्या बल्बच्याच जागी, अर्थच्या टर्मिनल आणि वायरीच्या मध्ये. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर आडवं लावलंत तर मीटर शॉर्ट होतं, आतला फ्यूज उडतो, तो नसेल तर मीटरच जातं. इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या जुन्या गाडीत आकडा जवळपास शून्य यायला हवा, घड्याळ-रेडिओ धरून काही मिलिअँपिअर. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, ४० ची बॅटरी महिन्याभरात रिकामी. डिकीतला विसरलेला ५ वॅटचा दिवा दिवसाला १० खातो, चार दिवसांत खेळ खलास.

आकडा मोठा आणि फ्यूज सगळे काढूनही हलत नाही, तर चार्जिंगकडे जा. डायनामोवाल्या गाडीत रेग्युलेटरच्या डब्यात कटआउटचे, म्हणजे डायनामो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे पॉइंट असतात, ते उभ्या गाडीत चिकटून राहिले तर बॅटरी उलटी डायनामोतून रिकामी होते, डायनामो गरम लागतो. अल्टरनेटरमध्ये डायोड खराब झाला तर तसंच. बॅटरी सोडून तिथली जाड वायर काढा, टोक टेपने नीट गुंडाळा, परत मोजा. आकडा पडला तर चोर सापडला.

सापडल्यावर

नुसता टेप गुंडाळून मोकळं होऊ नका. काळी पडलेली, हिरवी झालेली तार कापून टाका, लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे जा, तेवढ्याच जाडीची आणि शक्यतो त्याच रंगाची वायर जोडा. वायर जाड चालेल, बारीक चालणार नाही. जोड चांगल्या क्रिम्पिंगचा (दाबून बसवलेला) किंवा सोल्डरचा, वर उष्णतेने आकसणारी नळी. सोल्डर केलेली वायर जोडाशेजारी कडक होते म्हणून बिजागरीसारख्या वाकत्या जागी तो जोड ठेवू नका. आणि वायर सोलली का होती ते कारण पण काढा, नवं ग्रोमेट, क्लिप, साइलेन्सरपासून अंतर, नाहीतर सहा महिन्यांनी परत तिथेच.

एक वायर जोरात तापून गेली असेल तर जुडगं उघडावंच लागतं, कारण वरून टेप चांगला दिसतो आणि आत शेजारणींची सालं वितळलेली असतात. फ्यूजच्या आधीचा शॉर्ट निघाला असेल तर गाठ आवळण्याआधी हेडलाइटच्या वायरीत एक फ्यूज घालून घ्या, आणि बॅटरीच्या अर्थला हाताने फिरवायचा कटऑफ स्विच बसवा. जुन्या गाडीत ह्या दोन गोष्टी मी मूळ रूप बिघडतं म्हणणाऱ्यांशी भांडून बसवतो.

परत करंट देताना पण आधी बल्बमधूनच. बल्ब विझलेला, मग दहाचा फ्यूज, मग योग्य आकड्याचे फ्यूज, मग एकेक स्विच. प्रत्येक स्विच चालू करून पाच मिनिटं थांबायचं आणि हात फिरवायचा, फ्यूज बॉक्सवर, चावीच्या मागे, जोडांवर, कुठे कोमट लागतंय का. कोमट लागलं तर तिथला जोड सैल किंवा गंजका आहे, तो खोलून पॉलिश पेपरने घासा. हे सगळं झाल्यावर मगच अर्थची वायर सरळ आवळायची आणि स्टार्टर मारायचा, आणि पहिल्या दोन-चार रात्री कटऑफ फिरवूनच गाडीपासून लांब जायचं.